उतरत्या टपाची गाडी

अप्पा, आपल्या तंजावरात आता गाड्यांच्या शौकिनांची एक मंडळी आहे आणि तुमची लेक त्या मंडळीत आहे. तुम्ही असता तर हातातलं वर्तमानपत्र खाली न घेता "कसली मंडळी?" असं विचारलं असतंत आणि उत्तर ऐकायच्या आधीच हसला असतात. हसण्यासारखीच आहे. दर रविवारी सकाळी आम्ही बायपासवरच्या एका कॉफीच्या दुकानासमोर जमतो. गाड्या तिरप्या लावतो, म्हणजे प्रत्येकाची गाडी प्रत्येकाला दिसावी. मग कॉफीचे पेले हातात घेऊन एकमेकांच्या गाड्यांभोवती असे फिरतो, जसे लग्नात लोक दुसऱ्याच्या सुनेचे दागिने बघत फिरतात. मंडळीत दोघांचाच आवाज चालतो. एक आहेत भातगिरणीचे मालक, त्यांना जे चकचकीत दिसेल ते आवडतं. दुसरे इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक, त्यांना जे दुसऱ्याचं असेल ते आवडत नाही. बाकीचे सगळे या दोघांपैकी कुणाच्या तरी मागे उभे राहून मान हलवतात. मी एकटीच बाई, आणि आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात काढलेलीही मी एकटीच. पुण्यात इतकी वर्षं मी गाड्या मुद्दाम खराब रस्त्यांवर पळवून त्यांत काय मोडतं ते लिहून ठेवायचं काम केलं. म्हणून इथे सगळे मला आदरानं मॅडम म्हणतात आणि माझं ऐकत नाहीत.

हे वर्ष सगळं एका गाडीत गेलं. ती घेतली तुमच्या भाच्यानं, आत्याच्या मुलानं. तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेत होता. आता दातांचा डॉक्टर आहे, स्वतःचा दवाखाना आहे, टक्कल आहे. गाडी काळ्याकडे झुकणाऱ्या गर्द हिरव्या रंगाची. समोरून ती एखाद्या लष्करी वाहनासारखी उंच आणि धिप्पाड, पण मधल्या खांबापासून तिचा टप जो उतरायला लागतो तो थेट मागच्या दिव्यांपर्यंत घसरत जातो, शर्यतीच्या गाडीसारखा. दारांच्या मुठी दारातच बुडालेल्या. मालक जवळ आला की त्या आपण होऊन बाहेर येतात, नोकरानं पुढे होऊन हात जोडावेत तशा. आत मलईच्या रंगाचं कातडं. आपल्या गल्लीत रिक्षा वळताना समोरच्या घराच्या पन्हळीला घासते, तिथे हा हत्ती तुमच्या भाच्यानं आणून बांधला.

मंडळी दुभंगली. गिरणीवाले म्हणाले, "ही गाडी नाही, शिल्प आहे. ती रेघ बघा, रेघ!" आणि त्यांनी हवेत हात असा खाली सोडला की कॉफी सांडली. प्राध्यापक म्हणाले, "उंच गाडी घ्यायची आणि मागून तासून टाकायची! सामानाला जागा नाही, मागचं दिसत नाही. हे म्हणजे पाच मजली घर बांधून वरचे मजले विटांनी बुजवण्यासारखं आहे." सुंदर असायला कारण लागतं का, असं गिरणीवाल्यांनी विचारलं. जे उपयोगाचं नाही ते सुंदर कसं, असं प्राध्यापकांनी विचारलं. हे सगळं तमिळमध्ये, मध्ये मध्ये इंग्रजी आकडे पेरून: किती सेकंदांत किती वेग, किती घोड्यांची ताकद. दोघांपैकी एकानंही ती गाडी चालवलेली नव्हती. गिरणीवाले मागच्या सीटवरून फोन बघत प्रवास करतात, गाडी त्यांचा ड्रायव्हर चालवतो. प्राध्यापकांची स्वतःची गाडी इतकी जुनी आहे की ते ती दुकानापासून लांब, चिंचेखाली लावून चालत येतात. त्यांचं सगळं ज्ञान मोबाइलवरचे व्हिडिओ बघून आलेलं. अशा माणसांचं भांडण ऐकताना मला जो आनंद होतो, अप्पा, तो फार सभ्य नाही.

माझंही मत लोकांनी मागितलं. मंडळीच्या व्हॉट्सॅपवर मी लिहिलं, "समोरून पाहिली तर जमीनदार, मागून पाहिली तर त्याचा पळून चाललेला कारकून." दिवसभर त्यावर हसरे चेहरे येत राहिले. तुमचा भाचा तेवढा काही बोलला नाही.

ही जीभ तुमची आहे. तुम्ही संध्याकाळी कोर्टातून येऊन तिण्णैवर बसायचात, घराबाहेरच्या त्या कट्ट्यावर, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचा निकाल लावायचात. समोरच्या डॉक्टरांची लांबलचक परदेशी गाडी वळणावर अडकली तेव्हा सगळी गल्ली मदतीला धावली, आणि तुम्ही जागचे न हलता म्हणालात, "गाडीला कशाला त्रास? घर मागे सरकवायला सांगा त्यांना." तुमची स्वतःची गाडी राखाडी, छोटी, गोल पाठीची, दुसऱ्याच्या हातून आलेली. तिला तुम्ही वेष्टी गुडघ्यावर खोचून स्वतः धुवायचात, कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. आणि तिच्यात तुमच्या शेजारची जागा कुणाचीच नव्हती. तिथे तुमचा काळा कोट घडी मोडू नये म्हणून पसरलेला असायचा, त्याच्यावर बॅग. आम्ही सगळ्या मागे. आई, आत्या आली असली तर आत्या, आणि दोघींच्या मध्ये मी. आई म्हणायची, "कोटाला वारा लागतो, आम्हांला घाम."

आणि तरी तुम्ही मला गाडी शिकवलीत. ती सकाळ मला अजून तशीच्या तशी दिसते. कालव्याच्या काठचा रस्ता आहे, पाणी काठोकाठ आहे, पलीकडे नारळ. मी मागच्या सीटवरून एकदम चाकामागे आले आहे, तुमच्या शेजारची जागा मला कधी मिळालीच नाही. तिथे आज कोट नाही, तुम्ही स्वतः बसला आहात, हात हँडब्रेकवर. समोरून सायकलवर नारळाच्या झावळ्या बांधून कुणी येतो आहे आणि माझा पाय भीतीनं क्लचवर चिकटला आहे. "क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे," तुम्ही म्हणता. "काढ पाय." मी रडकुंडीला येते. तुम्ही समजूत घालत नाही, खिडकीबाहेर बघत राहता, आणि झावळ्या निघून गेल्यावर म्हणता, "आता पुन्हा." लायसन्स मिळालं त्या दिवशी तुम्ही मला तपकिरी कातड्याच्या पाकिटात एक छोटं यंत्र दिलंत, टायरची हवा मोजायचं. माझ्या मैत्रिणींना त्या वयात साखळ्या आणि कुड्या मिळत होत्या. ते यंत्र मी पुण्याला नेलं, तिथल्या पोरांनी ते हातात घेऊन बघितलं आणि मला पहिल्यांदा आपल्यातलं मानलं. माझं तंजावरी मराठी ऐकून मात्र ती हसायची. मी "येतें, जातें" म्हणाले की एकजण म्हणायचा, "बाई नाटकात काम करतात." हे असं आताचं मराठी मी त्यांच्याकडून शिकले, आणि ही अक्षरंही. तुम्हांला मराठी बोलता यायचं, वाचता तमिळ आणि इंग्रजीच यायचं. तेव्हा मी काय लिहिते आहे ते तुम्हांला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, आणि तसं कुणाकडे काही मागायची तुम्हांला सवय नाही.

आता आत्याबद्दल. तुमची धाकटी बहीण ऐंशी ओलांडून बसली आहे आणि अजून कुणाच्या हातची कॉफी तिला पसंत पडत नाही. नवी गाडी आली तेव्हा पहिले काही आठवडे मुलगा तिला सगळीकडे घेऊन गेला, देवळात, लग्नांना, ओरत्तनाडूला तिच्या नणंदेकडे. मग ती दिसेनाशी झाली. लग्नाला आली नाही, नणंद आजारी पडली तरी गेली नाही. मी तुमच्या भाच्याला विचारलं. "अम्माचे गुडघे गेले," तो म्हणाला. "बाहेर निघायचं नाव घेत नाही. वय झालं."

मी एका दुपारी तिच्याकडे गेले. ती स्वयंपाकघरात होती, आणि स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरचा लोणच्याचा डबा काढत होती.

"आत्या, गुडघे?"

"कोणाचे गुडघे?" असं म्हणून ती डबा काखेत घेऊन खाली उतरली.

मी ओट्याशी बसले. तिनं कॉफी वरून खाली, खालून वर ओतून फेस आणला आणि माझ्यासमोर ठेवली. मी विचारत राहिले, ती टाळत राहिली, हरभऱ्याचं सुंडल केलं आहे ते खा म्हणाली. शेवटी तिनं अंबाड्यापुढचे केस दोन बोटांनी बाजूला केले. टाळूवर टेंगूळ होतं, त्याच्याशेजारी जुनं, पिवळं पडलेलं आणखी एक.

"दार उघडतें, वाकतें, तरी लागतें. बसल्यावर सरळ बसूं गेलें तर पुन्हा लागतें. रस्त्यांत खड्डा आला कीं मग काय, टाळच वाजतो."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"कशास? एवढ्या हौसेनें घेतली आहे त्यानें. सुम्मा त्याचें मन कां मोडूं?" सुम्मा म्हणजे उगीच. हा शब्द आपल्या घरात दिवसातून कितीदा यायचा, आणि पुण्यात मी तो किती वर्षं गिळून बसले होते.

तिथे मी तिला आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, पण तो मला सुचला नाही. मला माझं मत सिद्ध करायला पुरावा मिळाला होता आणि मी खूश होते. घसरता टप म्हणजे मागे बसणाऱ्याचा अपमान, हे मी मनात म्हणत होते, आणि त्याचं टेंगूळ आता माझ्या हाताशी होतं. तिच्यासाठी मला राग आला होता, हेही खरं. पण त्या रागाला चांगली चव होती.

त्याच रविवारी मी तिला माझ्या छोट्या गाडीतून मंडळीत घेऊन गेले. कॉफी प्यायला जाऊ म्हणाले. ती मागचं दार उघडून मागे बसली. पुढची जागा रिकामी होती, तिच्यावर काहीही नव्हतं, आणि आम्हा दोघींपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

तुमच्या भाच्याची गाडी नेहमीप्रमाणे मध्यभागी होती, भोवती माणसं. मी गाडी थांबवली आणि कोर्टात तुम्ही साक्षीदार आणायचात तशी आत्याला हाताला धरून आणली. "तुम्ही सगळे इतके महिने टपाबद्दल बोलता आहात," मी म्हणाले. "आज त्याच्याखाली एकदा कुणीतरी बसून दाखवू दे. आत्या, मागे बस." तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. बुडालेली मूठ आपण होऊन बाहेर आली, तिनं दार उघडलं, वाकली, आणि आत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असा टक्क आवाज झाला.

प्राध्यापक आनंदानं उजळले. "बघा! बघा!" म्हणत ते दारातून आत वाकले आणि आत्याचं डोकं आणि टप यांच्यामध्ये आपली बोटं आडवी धरून दाखवू लागले. गिरणीवाले म्हणाले, "पाट्टी, जरा पुढे सरकून, पाठ खाली घसरवून बसा, मग नाही लागणार." आजीबाईला पाठ घसरवून बसायला सांगत होते! प्राध्यापक म्हणाले, गाडीनं माणसाला बसवायचं असतं, माणसानं गाडीला नाही. गिरणीवाले म्हणाले, म्हातारी माणसं बसवायची असतील तर व्हॅन घ्यावी, असल्या गाडीत तरुण बायको बसवतात. कुणीतरी हसलं. कुणीतरी फोनवर फोटो काढला. तुमचा भाचा किल्ली मुठीत धरून उभा होता, कानापर्यंत लाल झालेला. तो दाराशी येऊन हळूच म्हणाला, "अम्मा, तू मला सांगितलं का नाहीस?" तिनं काय उत्तर दिलं ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण तेव्हा प्राध्यापक माझं अभिनंदन करत होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. त्यांचा तळवा घामानं ओला होता, आणि त्या क्षणी मला वाटलं की मी ज्या बाजूला उभी आहे ती बाजू मला अजिबात नको आहे.

मग दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. आत्या आपली आपण सरकून तिकडून उतरली होती. ती गाडीला वळसा घालून पुढे आली. सगळे बाजूला सरले, कारण तिची चाल अशी होती की एखादी बाई स्वयंपाकघरात मांजर शिरलं म्हणून निघाली आहे. मंडळीला उद्देशून ती तमिळमध्ये म्हणाली, "माझं डोकं मोजून झालं का सगळ्यांचं?" तिनं पुढचं डावं दार उघडलं, ताठ मानेनं आत बसली, पदर सारखा केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिच्या डोक्यावर हातभर जागा होती.

"अम्मा, चल, मी घरी सोडतो," तुमचा भाचा म्हणाला.

"तूं नव्हे. किल्ली हिला दे." तिनं हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. "तिरुवैयारूस जाऊं. हिनेंच तमाशा मांडला, हिनेंच मज फिरवून आणावें."

त्यानं किल्ली दिली. मी त्या गाडीत बसले, तिच्याबद्दल इतकं बोलूनही पहिल्यांदाच. निघताना आरशात मंडळी दिसली, पेले हातात धरून उभी. मागच्या काचेतून दिसते तेवढी, म्हणजे पत्राच्या पेटीच्या फटीतून दिसावी तेवढी. प्राध्यापकांचा तो मुद्दा बरोबर होता.

गाव मागे पडेपर्यंत आत्या माझ्याशी बोलली नाही. वाटेत एकामागून एक नद्यांचे पूल येतात, तुम्हांला ठाऊक आहे; प्रत्येक पुलावर ती मान उंचावून पाणी बघत होती. भाताला नुकतं पाणी दिलेलं, बगळे. गावाची बस समोरून अंगावर आली तसं तिनं दाराची कड धरली आणि मग सोडून दिली. मी म्हटलं, "रागावलीस?"

"रागावूं नको तर काय करूं? माझ्या पोराला चारचौघांत खाली पाहायला लावलेंस. त्यास काय कळतें? दांत कळतात. घरांत येऊन सांगितलें असतेंस तर ऐकला नसता कां?"

थोड्या वेळानं तिला सीटच्या बाजूला बटणं सापडली. एक दाबलं, सीट तिला घेऊन पुढे निघाली. ती "अय्यो" म्हणून ओरडली आणि मग हसत सुटली, मागे गेली, वर गेली, पुन्हा पुढे. मी इतक्या वर्षांत तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"तुला ही गाडी आवडते?" मी विचारलं. स्वयंपाकघरात जो प्रश्न मला सुचला नव्हता, तो हा.

"पहिल्या दिवसापासून. देखणी आहे कीं." तिनं समोरच्या लाकडी पट्टीवरून बोट फिरवलं. "पण देखण्या गाडींत मागें बसून काय दिसतें? पुढच्याचें डोकें."

आणि मग तिनं तुमची गोष्ट सांगितली, अप्पा. म्हणजे ती गोष्ट मला माहीत होती, तुम्ही ती पाहुण्यांना सांगायचात: तुमची बहीण लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली, तुमची नवी जुनी गाडी तिनं पाहिली आणि म्हणाली, दादा, मजलाही शिकीव. आणि तुम्ही म्हणालात, "कां ग, नवऱ्यानें सोडलें तर टॅक्सी चालवणार आहेस?" सगळे पाहुणे हसायचे. आत्याही ट्रे हातात धरून हसायची. तुमच्या तोंडून ती गोष्ट इथेच संपायची. आत्याच्या तोंडून ती पुढे जाते. ती म्हणाली की तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं होतं, तुम्ही एकटे असताना, गाडी धूत असताना. तुम्ही वर न बघता म्हणालात, "जा, कापी आण." तिनं कॉफी आणून दिली. मग पुढे कितीतरी वर्षांनी ती माहेरी आली तेव्हा मी कालव्यावरून गाडी घेऊन घरी आले, आणि तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. "तेव्हां मज वाईट वाटलें नाहीं," ती म्हणाली. "वाटलें, हा माणूस शिकवूं शकतो तर."

तुम्ही आयुष्यभर लोकांच्या गाड्यांची टवाळी केलीत आणि मला वाटायचं, तुम्हांला गाड्या कळतात. तुम्हांला गाड्या कळत होत्याच. त्यांत कोण कुठे बसलं आहे एवढं मात्र तुम्ही कधी मागे वळून पाहिलं नाहीत, कारण शेजारी तुमचा कोट होता. मला हे सुनावायला मजा येते आहे. तुम्हांला उत्तर देता येत नाही, म्हणून आणखी.

तिरुवैयारूत आम्ही नदीकाठी थांबलो. मी अशोका हलवा घेऊन आले, गरम, केळीच्या पानावर, तूप सुटलेला. आम्ही तो गाडीतच खाल्ला, समोर कावेरी. एक थेंब मलईच्या कातड्यावर पडला, तिनं तो पदरानं पुसला आणि म्हणाली, "त्याला सांगूं नको." मग पान दुमडत, समोरच बघत म्हणाली, "आतां मज शिकवशील?"

मी पायांकडे बघितलं, तिच्या. हातांकडे बघितलं. वयाबद्दल, डोळ्यांबद्दल, लायसन्सबद्दल सगळं तोंडाशी आलं, आणि त्याबरोबर एक विनोदही आला, चांगला चपखल. मी तो सोडून दिला. रस्त्यावर नाही, असं मात्र म्हणाले.

जागा दिली गिरणीवाल्यांनी. माणूस मूर्ख आहे पण दिलाचा मोठा आहे. त्यांच्या गिरणीमागे भात वाळवायचं सिमेंटचं आवार आहे, मैदानासारखं. पुढच्या रविवारी त्यांनी ते झाडून मोकळं ठेवलं आणि सगळी मंडळी कडेला उभी राहिली. तुमच्या भाच्यानं आईच्या पाठीमागे उशी लावली आणि नको त्या सगळ्या सूचना दिल्या. मी तिच्या शेजारी बसले, हात हँडब्रेककडे गेला. त्या गाडीत तोही हाताशी नसतो, एक बटण असतं. क्लच तर नाहीच. प्राध्यापक म्हणाले, मागून गाडीची हालचाल कशी वाटते ते मला बघायचं आहे, आणि मागे जाऊन बसले.

आत्या माणसं चालतात तितक्या वेगानं निघाली. त्या गाडीतले ते सगळे घोडे पायांच्या बोटांवर चालत होते. पहिल्या वळणाला तिनं चाक उशिरा फिरवलं आणि आम्ही भिंतीकडे निघालो. मी म्हटलं, "फिरव." ती म्हणाली, "फिरवतेंच आहें." दुसऱ्या वळणाला फिरवलं, तिसऱ्याला आधीच फिरवलं. तिचा खालचा ओठ दातांत होता. कुठे तरी पाय जोरात पडला, गाडीनं एक उसळी घेतली, आणि मागे टक्क असा आवाज झाला. "पाट्टी, हळू, हळू!" प्राध्यापक डोकं चोळत ओरडले.

"मागें बसलेल्यांनीं बोलूं नये," आत्या आरशात न बघता म्हणाली. मी ते त्यांना तमिळमध्ये सांगितलं. ती दमेपर्यंत आवाराला फेऱ्या घालत राहिली आणि मग अगदी मध्यभागी गाडी थांबवली, वाकडी. उतरून मुलाला म्हणाली, "चांगली आहे. जपून वापर."

आता ती दर रविवारी बाहेर पडते. नणंदेला भेटून आली. पुढेच बसते, सून मागे बसते, ती ठेंगणी आहे, तिला लागत नाही, पण तीही आता पुढच्या जागेकडे बघायला लागली आहे असं आत्या सांगते. मुलानं दुसरी गाडी घेतो म्हटलं तर आत्यानं त्याला वेड लागलं का विचारलं. मंडळी अजून भांडते. गिरणीवाले रेघ म्हणतात, प्राध्यापक टेंगूळ म्हणतात, आता स्वतःचं दाखवून. माझं ते जमीनदार आणि कारकुनाचं वाक्य लोक अजून एकमेकांना पाठवतात, आणि मी ते मागे घेतलेलं नाही. मागच्या रविवारी गिरणीवाल्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, आता चालवलीत, आता शेवटचं मत सांगा." मी कॉफी गार होते आहे म्हणाले.

हे पत्र मी कुठेच टाकणार नाही, आणि मंडळीतल्या कुणाला ही अक्षरं वाचता येत नाहीत. तुम्हांलाही येत नाहीत. म्हणून तुम्हांला सांगते, अप्पा: गाडी सुंदर आहे.